बाण आमच्याकडे नव्हता

बास्केटबॉलचा सामना संपायला अठरा सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. समोरच्या संघातल्या सगळ्यात उंच मुलीने रिबाउंड घेतला, चेंडू छातीशी ओढला आणि खाली येताना तिची कोपरं क्षणभर सैल पडली. तेवढ्या फटीतून माझी लेक आत शिरली. तिने दोन्ही हात चेंडूवर आवळले ते सोडलेच नाहीत. त्या मुलीने तिला एकदा डावीकडे हिसडलं, एकदा उजवीकडे. लेकीचा बूट जमिनीवरून करकरत घसरला तो आवाज मला गुणवहीच्या टेबलापर्यंत ऐकू आला. मग शिट्टी झाली आणि रेफ्रीने दोन्ही अंगठे वर केले. चेंडू दोघींनी सारखाच घट्ट धरलाय, अशी ती खूण. हेल्ड बॉल.

आमच्या बाकावरच्या मुली उड्या मारायला लागल्या. मागे बसलेले आईबाप टाळ्या वाजवत होते. माझे हात मात्र जागचे हलले नाहीत, कारण काय होणार ते मला माहीत होतं. हेल्ड बॉल झाला की चेंडू दोन्ही संघांना आळीपाळीने मिळतो आणि पाळी कुणाची ते बाण दाखवतो. माझ्या पुढ्यात टेबलावर वीतभर लांबीचा, पिवळ्या रंगाचा लाकडी बाण होता आणि त्याचं टोक उजवीकडे होतं. उजवीकडे म्हणजे ते ज्या बास्केटवर चढाई करत होते त्या दिशेला. रेफ्रीने बाणाकडे पाहिलं आणि तर्जनी त्या बाजूला लांब केली. चेंडू त्यांचा. त्यांनी तो आत टाकला, घड्याळ थांबवायला आम्ही फाउल केला, त्यांच्या मुलीने दोन्ही फ्री थ्रो घातले. आम्ही हरलो.

गाडीत बसल्यावर लेक बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या डाव्या मनगटावर लाल वळ उठला होता, त्यावर ती बर्फाची पिशवी धरून होती. घर दोन सिग्नलांवर आलं तेव्हा तिने विचारलं, "आई, मग मी तो धरलाच कशाला?"

मी गाडी चालवत होते, म्हणून उत्तर न देणं खपून गेलं. पण तो प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी या खेळात मुलगी म्हणून वाढले, आता आई म्हणून टेबलावर बसते. माझ्याकडे याचं उत्तर असायला हवं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक नववीत आहे आणि शाळेच्या नवव्या इयत्तेच्या संघातून खेळते. मोठ्या संघाच्या सामन्यांना टेबलावर नेमलेली माणसं असतात. लहान संघांना ती मिळत नाहीत, म्हणून यजमान शाळेचे पालक बसतात. माझ्याकडे गुणवही आणि बाण ही दोन कामं असतात. वहीत मी चुकत नाही. बाण चुकू नये म्हणून वहीच्या कडेला पेन्सिलीने छोटा बाण काढते, दिशा बदलली की तो खोडून उलटा काढते. ही सवय एका चुकीतून लागली. गेल्या मोसमात मध्यंतरानंतर बाण फिरवायचा राहून गेला. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे चेंडूचा हक्क ज्याचा त्याचाच राहिला तरी लाकडाचं टोक उलट करावं लागतं. ते न केल्यामुळे तिसरा क्वार्टर सुरू होताना चेंडू चुकीच्या संघाला मिळाला असता. पाहुण्या संघाचे कोच टेबलापाशी आले, शांतपणे म्हणाले, "एकदा बघा." रेफ्रीने वही तपासली आणि चेंडू आत पडायच्या आधी सगळं दुरुस्त झालं. कुणी एक शब्द बोललं नाही. पण त्या रात्री मला झोप लागायला वेळ लागला. टेबलावरचा माणूस चुकला तर मुलींची मेहनत वाया जाते, आणि त्यांना ते कळतही नाही.

तर त्या हरलेल्या सामन्याची वही मी घरी आल्यावर डोळ्यांपुढे आणली. सामना सुरू करायला रेफ्री दोघींच्या मध्ये चेंडू वर उडवतात. ती पहिली उडी त्यांच्या सेंटरने, म्हणजे त्यांच्या उंच मुलीने, जिंकली, चेंडू त्यांना मिळाला, म्हणून पहिला बाण आमचा. पहिल्या क्वार्टरमध्येच एक हेल्ड बॉल झाला, चेंडू आम्हाला, बाण त्यांच्याकडे. दुसरा क्वार्टर बाणाने सुरू होतो, तो चेंडू त्यांना, बाण आमच्याकडे. तिसरा आमचा. तिसऱ्यात दोघी एकदम चेंडूवर पडल्या, तो त्यांचा. चौथ्याची सुरुवात आमची. आणि मग अठरा सेकंदांवरचा तो, त्यांचा. तीन आमचे, तीन त्यांचे. हिशेब इतका चोख की त्यात बोट ठेवायला जागा नाही. उलट चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला बाणाने दिलेला चेंडू आम्ही पहिल्याच पासमध्ये घालवला होता. तो टिकवला असता तर शेवटी आम्ही मागे नसतो असंही म्हणता येईल.

हे सगळं मी लेकीला सांगू शकले असते. सांगितलं नाही. तिचा प्रश्न हिशेबाचा नव्हताच.

मी साताऱ्याच्या शाळेत खेळायचे, नव्वदच्या दशकात. कोर्ट सिमेंटचं, एका बाजूला चढ, मागे अजिंक्यतारा. पावसाळ्यात कोर्टावर शेवाळ धरायचं आणि जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा तर नेमक्या पावसाळ्यातच असायच्या. मग सकाळी शाळा भरायच्या आधी आम्ही मुली काथ्याचा ब्रश घेऊन ते खरवडायचो. माझी उंची चार फूट अकरा इंच. तेव्हाही तेवढीच, आताही तेवढीच. संघात माझं काम एकच होतं, खाली घुसायचं आणि उंच मुलींच्या हातातला चेंडू धरायचा.

तेव्हा बाण नव्हता. हेल्ड बॉल झाला की जंप बॉल. ज्या दोघींनी चेंडू धरला त्याच दोघींनी जवळच्या वर्तुळात उभं राहायचं, रेफ्रीने चेंडू मध्ये सरळ वर उडवायचा आणि दोघींनी उडी मारून तो आपल्या बाजूला टोलवायचा. झटापटीत तिघी-चौघी असतील तर रेफ्री साधारण सारख्या उंचीच्या दोघी निवडायचे. पण दोघीच असल्या तर उंची बघितली जात नसे. मी ज्यांच्या हातातला चेंडू धरायचे त्या माझ्यापेक्षा वीत-दीड वीत उंच असायच्या आणि त्यांच्याच समोर मला उडी मारावी लागायची.

जुन्या कोर्टांवर फ्री थ्रोच्या रेषेखाली, बास्केटच्या बाजूला, तुटक रेषेचं अर्धवर्तुळ दिसतं. कशासाठी आहे ते आता पुष्कळ मुलांना ठाऊक नसतं. ते जंप बॉलसाठी होतं. वरचं अर्धं वर्तुळ सलग आणि खालचं तुटक, दोन्ही मिळून पुरं वर्तुळ, १.८ मीटर त्रिज्येचं. बाकीच्या आठ जणींनी त्याच्या बाहेर थांबायचं. एका संघाच्या दोघी शेजारी शेजारी उभ्या असतील आणि विरुद्ध संघाच्या मुलीने मधली जागा मागितली तर ती द्यावी लागायची. चेंडू अगदी वर पोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दोनपेक्षा जास्त वेळा टोलवायचा नाही. उडी मारणारीने तो पकडायचा तर अजिबात नाही, आधी तो दुसऱ्या कुणाच्या अंगाला किंवा जमिनीला लागला पाहिजे.

या शेवटच्या नियमावर आमच्या सरांनी मला उभं केलं. पहिल्या वर्षी मी प्रत्येक जंप बॉल हरायचे आणि मान खाली घालून पळायचे. एकदा सरावानंतर सरांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "चेंडूला तुझा हात लागणार नाही, हे धरूनच चल. पण ती तो कुठे मारणार हे तुला तिच्या आधी कळलं पाहिजे." मग महिनाभर त्यांनी मला उडीच मारू दिली नाही. वर्तुळात उभं राहायचं आणि समोरचीचे पाय बघायचे. जी मुलगी डावा पाय पुढे ठेवून उजव्या हाताने उडते ती चेंडू बहुतेक वेळा मागे, आपल्या डाव्या खांद्यावरून टोलवते, कारण तिचा हात तिकडेच वळतो. जी आत्मविश्वासाने उभी आहे ती पुढे मारते. जिची नजर एकदा चोरून बाजूला जाते ती तिकडेच मारते. मला ते दिसायला लागलं. मी पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करायचे, एक बोट म्हणजे उजवीकडे, दोन म्हणजे डावीकडे, मूठ म्हणजे मागे, आणि आमच्या मुली त्या त्या जागेकडे वजन टाकून उभ्या राहायच्या. मी उडी मारायचेच, अंगातला सगळा जोर लावून मारायचे, म्हणजे समोरचीला घाई होईल. ती वर असतानाच मी जमिनीवर परत आलेली असायचे आणि चेंडू पडायच्या जागी पळत सुटायचे.

उडी मी हरायचे. चेंडू मात्र पुष्कळदा आमचा व्हायचा.

बास्केटबॉल १८९१ च्या डिसेंबरात जन्मला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफिल्डमध्ये, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या कॅनडाहून आलेल्या शिक्षकाने हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरात खेळता यावं म्हणून १३ नियम लिहिले आणि पीचच्या टोपल्या टांगल्या. पहिल्या खेळात एका बाजूला नऊ असे अठरा जण होते. फुटबॉल-रग्बीतली अंगावर जाण्याची दांडगाई नेस्मिथना नको होती. तरीही खेळ सुरू तर व्हायला हवा, म्हणून दोघांच्या मध्ये चेंडू वर उडवायचा. तिथली हाडं आपटण्याची शक्यता त्यांनी दोन माणसांपुरती ठेवली. पण इतरत्र ती राहिलीच. त्यांच्या मूळ नियमात चेंडू रेषेबाहेर गेला तर जो पहिल्यांदा हात लावेल त्याचा. मग चेंडू बाहेर गेला की सगळेच त्याच्यामागे धावायचे, जिन्यावर, गॅलरीत, जिथे जाईल तिथे. तो नियम टिकला नाही, टिकणार नव्हताच. ज्याचा हात शेवटचा लागला त्याच्या विरुद्ध संघाला चेंडू, अशी वाट निघाली.

मुलींच्या खेळाने तर झटापटच वगळली. स्प्रिंगफिल्डपासून जवळच नॉर्थहॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन यांनी हा खेळ मुलींना शिकवला, तेव्हा त्यांनी कोर्टाचे तीन भाग केले आणि दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायला बंदी घातली. माझ्यासारखीला त्या खेळात काय काम मिळालं असतं, असा विचार मी बरेचदा करते. पण त्या काळी मुलींनी मैदानात उतरणं हीच केवढी मोठी गोष्ट होती, आणि बेरेन्सनबाईंनी ते दार उघडलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक बास्केटनंतर पुन्हा मधल्या वर्तुळात येऊन जंप बॉल व्हायचा. आता ऐकलं तर कुणाला पटत नाही. एक गुणफलक हलला की सगळे परत मध्यावर, पुन्हा उडी. ज्या संघाकडे उंच सेंटर तो बास्केट घालायचा आणि पुढचा चेंडूही घ्यायचा. समोरच्यांना चेंडू हातात धरायलाच मिळायचा नाही. वेळही फार जायचा. १९३७ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि ज्याने बास्केट खाल्लं त्याला बेसलाइनमागून चेंडू मिळायला लागला. खेळ तिथून वेगाने धावायला लागला. त्या बदलाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तिथे झटापट कुठलीच नव्हती, फक्त उंचीला पुन्हा पुन्हा बक्षीस होतं.

पुढे ४४ वर्षांनी, १९८१-८२ च्या हंगामात, अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलने बाण आणला, आणि शाळांच्या नियमपुस्तकातही तो आला. सामन्याच्या सुरुवातीला एक उडी, जादा डाव खेळायची वेळ आली तर त्याच्या सुरुवातीला एक, बाकी सगळे हेल्ड बॉल आळीपाळीने. चेंडू रिंग आणि बोर्डाच्या मध्ये अडकला तरी बाण. दोघींच्या हाताला एकदम लागून बाहेर गेला तरी बाण. आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे फीबाने, हा नियम २००३ मध्ये घेतला, आणि भारतात आपण फीबाचेच नियम पाळत असल्यामुळे साताऱ्यालाही तो पोचला. फीबात तर जादा वेळही बाणानेच सुरू होतो. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, मात्र हेल्ड बॉलला आजही दोघं वर्तुळात उभे राहतात.

आमच्या सरांना ज्यांनी शिकवलं ते मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकलेले होते. ते कॉलेज १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी काढलं आणि बक स्वतः स्प्रिंगफिल्डचे विद्यार्थी. म्हणजे मी शेवाळ खरवडलेल्या कोर्टावर जी उडी मारत होते ती स्प्रिंगफिल्डहून मद्रासमार्गे, माणसांच्या हातून हातात, साताऱ्याला आली होती. आता मी त्याच अमेरिकेत बसून तिच्या जागी आलेला बाण फिरवते. कधी कधी सामना चालू असताना हे मनात येतं आणि मी पेन्सिल घट्ट धरते.

बाण का आला ते टेबलावर बसायला लागल्यापासून मला नीट कळलं. चेंडू सरळ वर उडवणं ही खेळातली फार अवघड गोष्ट आहे. रेफ्रीच्या दोन्ही बाजूंना दोन मुली अंग चोरून उभ्या, त्यांच्या हातांच्या मधून चेंडू न हेलपाटता त्यांच्या पोचेपेक्षा वर गेला पाहिजे. तो जरा वाकडा गेला की एकीवर अन्याय. पुन्हा उडवायचा तर वेळ. एखादी आधीच उडाली, एखादी वर्तुळात शिरली, की पुन्हा शिट्टी. शालेय सामन्यात उंचीचा फरक मोठ्यांपेक्षाही जास्त असतो. चौदाव्या वर्षी एक मुलगी पुरी वाढलेली असते आणि तिच्याच वर्गातली दुसरी अजून वाढायची असते. तिथे उडीचा निकाल आधीच लागलेला असतो, असं म्हणणाऱ्यांना मी खोटं पाडू शकत नाही.

आणि पाळी ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही. कबड्डीत चढाया आळीपाळीनेच असतात. खो-खोत एका डावात पाठलाग, दुसऱ्यात पळणं. गल्लीत खेळताना खापरीच्या एका बाजूला थुंकी लावून ओलं की सुकं करायचो आणि नंतर राज्य आळीपाळीने यायचं, त्यावरून कुणी भांडायचं नाही. पाळीत एक मोठेपणा आहे. ती उंच-बुटका बघत नाही, कालचं भांडण लक्षात ठेवत नाही, आज माझं उद्या तुझं एवढंच तिला ठाऊक.

पण कबड्डीतली पाळी कशाची, तर चढाई करायला मिळण्याची. पुढे काय करायचं ते चढाई करणाऱ्याच्या पायात आणि श्वासात. बाण देतो ती पाळी वेगळी. एक झटापट होऊन गेलेली असते, दोन मुलींनी हातातली सगळी ताकद खर्च केलेली असते, आणि मग पाळी येऊन त्या झटापटीचा निकाल लावते. निकालाचा त्या झटापटीशी काहीच संबंध नसतो. तो आधीच, दुसऱ्या कुणाच्या, दुसऱ्या क्वार्टरमधल्या झटापटीने ठरलेला असतो. मला हे बोचतं. नियमपुस्तकात हेल्ड बॉलची व्याख्या सुंदर आहे. दोघांचे हात चेंडूवर इतके घट्ट बसलेत की अवाजवी दांडगाई केल्याशिवाय तो कुणा एकाचा होणार नाही. म्हणजे आणखी पुढे गेलात तर कुणाला तरी लागेल, इथे थांबा. मुलांच्या खेळात याहून शहाणा नियम मला माहीत नाही. पण थांबा म्हटल्यावर पुढे काय, याचं उत्तर त्या दोघींनीच द्यावं असं मला वाटतं. उडी हे त्यांचं उत्तर होतं.

लोक म्हणतात बाण आला तो बुटक्या मुलींसाठी. मी बुटकी मुलगी होते आणि मला बाण नको होता. उंचीपुढे मी हरायचे हे खरं, पण हरूनही मला काहीतरी करता यायचं. वर्तुळात मी उभी असायचे, आठ जणी आमच्या दोघींकडे बघत असायच्या, माझ्या पाठीमागच्या बोटांवर चार मैत्रिणींची नजर असायची. ज्या मुलीला कधीच कुणी पास देत नाही, जिचं नाव गुणवहीत शून्यासमोर असतं, ती त्या पाच सेकंदांपुरती कोर्टाच्या मधोमध असायची. बाणाने बुटक्या मुलीला उंच मुलीपासून वाचवलं, आणि तिथून उठवून टेबलाच्या हवाली केलं. माझ्या लेकीने त्या दिवशी चेंडू धरला आणि लगेच मान वळवून माझ्याकडे बघितलं, बाण कुठे आहे ते बघायला. ती नजर मला अजून टोचते. तिची झटापट संपली होती आणि आता तिच्या हातात काहीच नव्हतं.

माझ्या हातात असतं तर शाळेच्या सामन्यांत क्वार्टरच्या सुरुवाती बाणाला दिल्या असत्या, अडकलेला चेंडूही बाणाला दिला असता. पण दोघींनी धरलेल्या चेंडूला उडीच ठेवली असती. वेळ जातो तर जाऊ दे. मुली शाळेत खेळतात त्या काही वेळ वाचवायला नाही.

हे सगळं मी साताऱ्याच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती आमची सेंटर होती, पाच फूट आठ इंच, शाळेत सगळ्यात उंच. आता क्रीडाशिक्षिका आहे आणि जिल्ह्याच्या सामन्यांना रेफ्री म्हणून उभी राहते. मला वाटलं ती माझ्या बाजूने बोलेल. जंप बॉल म्हणजे तिचं राज्य होतं. आम्ही इतर मुली तिच्याकडे बघून निर्धास्त असायचो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, मला त्या उड्यांची धडकी भरायची."

मी म्हटलं, "तुला?"

"तू हरलीस तर कुणी काही बोलायचं नाही. तू हरणारच हे सगळ्यांना माहीत असायचं. मी हरले की सर नुसते बघायचे. बोलायचे नाहीत, बघायचे. एवढी उंची देवाने दिली आणि एक चेंडू घेता येत नाही. विभागीय सामन्यात ती कोल्हापूरची मुलगी माझ्याहून दोन बोटं कमी होती आणि तिने दोनदा घेतला माझ्यावरून. रात्री मी जेवले नव्हते. तुम्ही सगळ्या पत्ते खेळत होतात."

मला तो सामना आठवत होता. पत्तेही आठवत होते. ती जेवली नव्हती, हे मला तीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. मी वर्तुळातल्या माझ्या बाजूचं सगळं जपून ठेवलं होतं, पाय, खांदे, चोरटी नजर. समोर उभी असलेली उंच मुलगी पायाकडे का बघते, तिचा हात थोडा आधीच का उठतो, याचा अर्थ मी फक्त चेंडू कुठे जाईल एवढाच लावला होता. लेकीने ज्या मुलीच्या हातातला चेंडू धरला तिचा चेहरा मी आठवायचा प्रयत्न केला. आठवला नाही. शिट्टी झाल्यावर मी बाणाकडे बघत होते.

"मग बाण बरा वाटतो तुला?" मी विचारलं.

"खेळणारी म्हणून विचारशील तर बरा. माझ्या वर्गातल्या उंच पोरी सुखात आहेत. रेफ्री म्हणून विचारशील तर..." ती हसली. "रेफ्री व्हायचं धाडस मला बाण आल्यावर झालं. आधीच्या काळात सामन्यात दहा-बारा वेळा तरी तो चेंडू उडवावा लागायचा. मला ते जमणार नाही याची खात्री होती."

"आता?"

"आता एकदाच. आणि तेच जास्त कठीण झालंय बघ. आधी एक वाकडा गेला तर पुढचा सरळ जायचा, कुठेतरी फिटायचं. आता एकच. पोरी महिनाभर सराव करून येतात, त्यांचा सामना माझ्या हातून सुरू होतो."

मग तिने सांगितलं की सामन्याच्या आदल्या दिवशी ती घराच्या गच्चीवर जाते. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर तिने खडूने एक उभी रेघ ओढली आहे. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, चेंडू तळहातावर घ्यायचा, आणि कोपर न हलवता वर उडवायचा. चेंडू रेघेवरून वर गेला पाहिजे आणि रेघेवरूनच खाली आला पाहिजे. भिंतीला घासला तर मोजायचा नाही. पंचवीस सरळ गेल्याशिवाय ती खाली उतरत नाही. पावसात खडू पुसला जातो, मग पुन्हा ओढते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्यांदा आवाज ऐकला तेव्हा वर येऊन विचारलं होतं, काय चाललंय.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, उद्या सामना आहे."